पत्र आपले, शब्दही आपलेच

ह्या अंकात 'आमचे मत' लिहायची पाळी मोठ्या वर्गाची आहे. विषयावरून आमच्यात बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरला तो नेट न्यूट्रॅलिटीचा. नाव ऐकून पान उलटू नका. छोट्या वर्गालाही समजेल असे लिहायचा प्रयत्न केला आहे.

मुंबईचा डबेवाला डबा पोचवतो. आत पुरणपोळी आहे की कालची भाजी, हे तो उघडून बघत नाही. सगळे डबे वेळेवर पोचवायचे, हे त्याचे काम. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनेही तसेच वागावे, ह्याला म्हणतात नेट न्यूट्रॅलिटी. कंपनीने कोणतीही कायदेशीर साइट अडवू नये, मुद्दाम हळू करू नये आणि कोणी जादा पैसे दिले म्हणून त्याला पुढे काढू नये.

आपला ह्याच्याशी काय संबंध? आपण गृहपाठासाठी मराठी शब्दकोश बघतो, मराठी विकिपीडिया वाचतो. ही कामे करणारे बरेच लोक हौसेने, पदरमोड करून करतात. पुढे जाण्यासाठी पैसे मोजायची वेळ आली, तर मोठ्या कंपन्या मोजतील, हे लोक कुठून मोजणार? जी भाषा आधीच गर्दीत मागे उभी आहे, ती आणखी मागे जाईल.

हे नियम व्हावेत म्हणून भारतात आणि अमेरिकेत सामान्य लोकांनी मोठ्या मोहिमा केल्या. आम्हाला सांगायचे आहे ते त्या मोहिमांबद्दल.

आधी भारत. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, ११८ पानांचा एक मसुदा काढला आणि २० प्रश्नांवर लोकांची मते मागवली. एवढी पाने कोण वाचणार? पण काही स्वयंसेवकांनी ती वाचली, सोप्या भाषेत थोडक्यात मांडली आणि प्रश्नांची उत्तरे कशी देता येतील तेही लिहून दिले. एआयबी ह्या विनोदी मंडळींनी त्यावर व्हिडिओ काढला. २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ट्रायकडे १० लाखांहून जास्त ई-मेल गेले. लोकांचा राग बघून फ्लिपकार्टने 'एअरटेल झीरो' ह्या योजनेतून अंग काढून घेतले. त्या योजनेत ठरावीक ॲप ग्राहकाला फुकट मिळणार होती आणि खर्च ॲपवाली कंपनी देणार होती.

त्याच वर्षी फेसबुकने 'फ्री बेसिक्स' पुढे आणले. काही निवडक साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. इथे आमच्या वर्गात दोन तट पडले. काही जण म्हणाले, "ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडे फुकट मिळाले तर बिघडले कुठे?" हा प्रश्न खरा आहे, आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. पण मग दुसरा प्रश्न येतो : ते 'थोडे' कोण निवडणार? गावातल्या शाळेची साइट त्यात हवी की नको, हे एका परदेशी कंपनीच्या नियमांवर का ठरावे? गरिबालाही अख्खे इंटरनेटच हवे असते, त्याचा कोपरा नव्हे. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटाचे भाव कोसळले आणि लाखो लोकांना खरोखर अख्खे इंटरनेट मिळाले.

फेसबुकने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि एक बटण दाबले की ट्रायला तयार पत्र जाईल अशी सोय केली. अशी लाखो पत्रे गेली. पण ट्रायने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती, आणि ट्रायने तसे कळवलेही. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम झाला : साइट बघून वेगवेगळा दर लावायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख.

आता अमेरिका. इथे हे काम फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे 'एफसीसी'कडे असते. २०१४ मध्ये एफसीसीला सुमारे ३७ लाख मते आली आणि २६ फेब्रुवारी २०१५ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी कडक नियम मंजूर झाले. २०१७ मध्ये ते रद्द करायचे ठरले, तेव्हा २ कोटी २० लाख मते आली. वा, केवढी जागरूक जनता! पण न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने तपास केला आणि २०२१ मध्ये सांगितले की त्यांतली जवळजवळ १ कोटी ८० लाख खोटी होती. सुमारे ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशाने चाललेल्या मोहिमेतली होती. त्यात खऱ्या माणसांची नावे त्यांना न विचारता वापरली होती. आणि सुमारे ७७ लाख मते एका १९ वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याने संगणकाकडून बनावट नावांनी पाठवली होती. तो तर नियम राहावेत ह्या बाजूचा होता, म्हणजे आमच्याच बाजूचा!

आमचे मत इथेच आहे. बाजू चांगली असली म्हणून खोटी सही चांगली होत नाही. खोट्या पत्रांच्या ढिगाखाली खऱ्या माणसाचे पत्र गाडले जाते. मग अधिकाऱ्यांना "ही सगळी पत्रे अशीच असतात" म्हणायला मोकळीक मिळते.

तयार नमुना वापरणे म्हणजे गुन्हा नव्हे. भारतातल्या मोहिमेतही नमुना होताच. पण पत्रावर आपले नाव घालण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. काय विचारले आहे ते वाचावे. निदान दोन वाक्ये स्वतःची घालावीत. आणि दुसऱ्याचे नाव, मग ते आजोबांचे का असेना, त्यांना विचारल्याशिवाय घालू नये.

हा प्रश्न संपलेला नाही. अमेरिकेतले नियम डिसेंबर २०१७ मध्ये रद्द झाले, एप्रिल २०२४ मध्ये परत आले आणि २ जानेवारी २०२५ रोजी सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाने एफसीसीला तसा अधिकारच नाही म्हणून ते रद्द केले. देशभर पक्का नियम हवा असेल, तर आता काँग्रेसने कायदा करायला हवा. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्येच स्वतःचा कायदा केला, तसा इतर राज्यांनाही करता येईल.

पालकांनो, तुमच्यापैकी काही जणांना इथे मतदान करता येत नाही. आम्हालाही अजून येत नाही. पण पत्र लिहिता येते! आपल्या भागाच्या प्रतिनिधीला कोणीही पत्र पाठवू शकते, आणि एफसीसी मते मागवते तेव्हा नागरिकत्व विचारत नाही.

म्हणून शिक्षक काका-काकूंना एक विनंती. पत्रलेखनाच्या तासाला आम्ही आजीला पत्र आणि रजेचा अर्ज लिहून लिहून थकलो आहोत. ह्या सत्रात एक पत्र प्रतिनिधीला लिहू या. आधी मराठीत विचार मांडू, चर्चा करू, मग इंग्रजीत पाठवू. ज्यांना आमचे म्हणणे पटत नाही त्यांनी उलट बाजूने लिहावे. फक्त एक अट : दोन पत्रे सारखी नकोत.

— मोठा वर्ग