इफ्तारचा बटाटा आणि कढईपुढचा रोजा

रमजान लागला की लालबाग-परळच्या बाजारात खजुराइतकीच विचारणा बटाट्याची होते. खजुराने रोजा सोडणे ही सुन्नत. बटाटा मात्र पोर्तुगिजांबरोबर समुद्रमार्गे आलेला पाहुणा. मराठीने त्याचे पोर्तुगीज नावही ठेवून घेतले. उर्दू घरात तो आलू झाला. कढईत पडल्यावर मात्र दोन्ही घरांतून वास एकच येतो.

गिरणगावात तळलेला बटाटा हे चोचले नव्हते. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. पाळीवर निघालेल्या कामगाराला उभ्या उभ्या खाता येईल, असे ते स्वस्त जेवण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे रोजगार गेलेल्या अनेकांनी वडापावच्या गाड्या लावल्या. गिरण्यांत कोकणातला, घाटावरचा कामगार होता, तसा मदनपुऱ्यातला मोमीन विणकरही होता. भूक दोघांचीही सारखीच होती.

घरातले बटाट्याचे प्रयोगही असेच एकमेकांच्या शेजारी चालतात. २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती आणि २ मार्चला पहिला रोजा. ज्या बटाट्याचा उपवासासाठी कीस झाला, त्याचीच चार दिवसांनी इफ्तारसाठी भजी झाली. कुणी बेसनात तांदळाचे पीठ घालून कुरकुरीतपणा आणतो, कुणी टिक्कीत भिजवलेले पोहे मिसळतो. उकडलेला बटाटा पूर्ण गार करून कुस्करला, तर टिक्की तेलात फुटत नाही. चकत्या पाण्यात ठेवून, कोरड्या पुसून तळल्या तर काळ्या पडत नाहीत. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तो लवकर करपतो, म्हणून तळायचा बटाटा बाहेरच्या टोपलीतला बरा. राहिला प्रश्न मिठाचा. रोजेदार हात चव घेत नाही. रोजा नसलेले घरातले लहानगे या महिन्यात मीठ-परीक्षक होते.

पण या प्रयोगांना दोन हिशेब जोडलेले आहेत. पहिला तेलाचा. पिठूळ पदार्थ गडद तपकिरी होईपर्यंत तळले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले. म्हणून रंग सोनेरी झाला की झारा उचलावा. तेच तेल महिनाभर पुन्हा पुन्हा तापवू नये. वापरलेल्या तेलातील घातक घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते स्वयंपाकाला चालत नाही, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात ते मोजायचे यंत्र नसते. तेल काळवंडले, फेसाळले, लवकर धुरावू लागले, तर बेत थांबवावा.

दुसरा हिशेब अधिक जड आहे. असरनंतरचा वेळ दुआ आणि तिलावतीचा. नेमक्या त्याच वेळी दहा बाय बाराच्या खोलीत, दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली बाई उकळत्या तेलापुढे उभी असते. बाहेर दस्तरखानावर तारीफ होते ती भजीची. अजान झाली तरी शेवटचा घाणा काढायचा म्हणून तिचा खजूर हातातच राहतो. पैगंबर साहेब घरच्या कामात हात लावत, हे दरवर्षी बयानात ऐकले जाते. मग बटाटे सोलणे, चकत्या करणे, भांडी घासणे ही कामे घरातल्या पुरुषांना का जमू नयेत?

बटाटा इफ्तारमधून हद्दपार करण्याचे कारण नाही. रोज चार तळणींऐवजी एकच करावी, दोन दिवसांआड तव्यावर थोड्या तेलात टिक्की भाजावी, आणि अजानच्या दहा मिनिटे आधी गॅस बंद व्हावा. प्रयोग करायचाच, तर यंदा हा करून पाहावा: अजानच्या वेळी घरातले सगळेच दस्तरखानावर बसलेले असावेत.