केलेला संकल्प तडीस कसा जाईल?

शेतकरी अज्ञानामुळें मागें पडतो, असें म्हणण्याची एक चाल पडून गेली आहे. या मासिकाच्या वाचकांपुरतें तरी तें खरें नाहीं. बियाण्याची उगवणशक्ति पाहावी, बीजप्रक्रिया करावी, माती तपासून खताची मात्रा ठरवावी, पिकवार जमाखर्च लिहावा, या गोष्टी ठाऊक नाहींत असा साक्षर खातेदार आज विरळाच. २०१५ सालापासून सरकारनें मृदा आरोग्यपत्रिका वांटण्यास आरंभ केला. त्या पत्रिकेप्रमाणें आपल्या शेतांत खत पडतें काय, हें ज्याचें त्यानें मनाशीं विचारून पाहावें. उणीव ज्ञानाची नसून निश्चय तडीस नेण्याची आहे. अक्षय्यतृतीयेस केलेला बेत मृगाच्या घाईंत बाजूस पडतो. आणि तो कोणास सांगितलेलाच नसल्यामुळें कोणी विचारीतहि नाहीं.

महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या मनुष्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या नोंदीची तपासणी ठरल्या दिवशीं होते ती नोंद नीट राहते. जिची होत नाहीं तिच्या जागीं गेल्या सालचीच नक्कल उतरते. संकल्पाचेंहि तसेंच आहे. परंतु बीजप्रक्रिया केली कीं नाहीं हें पाहावयास तलाठी येणार नाहीं, आणि येऊंहि नये. ती तपासणी शेतकऱ्यांनींच एकमेकांची केली पाहिजे.

ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या अभ्यासमंडळांचा कित्ता घेऊन अर्जेंटिना देशांत १९५७ सालीं पाब्लो हारी या गृहस्थांनीं शेजारच्या शेतकऱ्यांस जमवून पहिलें मंडळ काढलें. जमिनीची धूप व ऱ्हास ही त्यांची चिंता होती. अशा मंडळांत १०-१२ शेतकरी दरमहा आळीपाळीनें एकाच्या शेतावर जमतात. यजमान आपली जमीन, पीक व आंकडे सर्वांपुढें मांडतो. इतर जण दोष दाखवितात व उपाय सुचवितात. आपल्याकडे १९०४ च्या कायद्यानें १० असामींस सहकारी पतपेढी काढण्याची मुभा दिली, व खेड्यांतील पेढ्यांवर सामान्यतः अमर्याद जबाबदारी घातली. एकाचें बुडीत कर्ज सर्वांच्या अंगावर येणार, म्हणून तें बियाण्यांत गेलें कीं लग्नांत, यावर सभासदांनीं लक्ष ठेवावें, हा त्यांतील हेतु. आज आपल्याच घरांतील स्त्रिया बचत गटांत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड व हिशेबलेखन ही पंचसूत्री पाळतात. पुरुषांनीं तींतील पहिलें व शेवटचें सूत्र उचललें तरी पुष्कळ होईल.

यांत प्रश्न केवळ एकट्याच्या लाभाचा नाहीं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें कपाशीची केलेली दैना वाचक विसरले नसतील. फरदड न घेतां हंगाम संपतांच पऱ्हाट्या काढून टाकाव्या, हा त्यावरील एक मुख्य उपाय. नऊ जणांनीं तो केला आणि दहाव्यानें फरदड राखली, तर तेथें पोसलेली कीड उरलेल्या नवांच्याहि कपाशीवर उतरते. अशा ठिकाणीं शेजाऱ्यास विचारणें ही लुडबुड नव्हे; तो हक्क आहे.

मंडळ एकाच शिवारांतील १०-१२ खातेदारांचें असावें. प्रत्येकानें हंगामास दोन किंवा तीनच संकल्प तारखेसह वहींत स्वहस्तें लिहावे. 'शेती सुधारीन' हा संकल्प निरुपयोगी. 'मे अखेर सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण मोजीन, व ७० हून कमी उगवल्यास त्या मानानें बियाणें वाढवीन,' हा संकल्प खरा. एकरीं अमुक क्विंटल पिकवीन, असें मात्र लिहूं नये. पाऊस कोणाच्या हातीं नाहीं. हातीं आहे तेवढ्याचेंच वचन द्यावें. बैठक देवळांत न भरवितां शेताच्या बांधावर भरवावी, कारण तेथें थाप चालत नाहीं. अध्यक्षपद आळीपाळीनें द्यावें. नाहींतर बड्या बागायतदारास कोणी प्रश्न विचारणार नाहीं.

भाऊबंदकीच्या गांवांत आपलें उणें चारचौघांत कोण उघडें करील, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणून जमाखर्च लिहिला आहे एवढेंच दाखवावें. त्यांतील आंकडे दाखविणें ज्याच्या त्याच्या खुषीवर ठेवावें. चुकल्यास दंड घ्यावा, असें कित्येक सुचवितील. तें आम्हांस मान्य नाहीं. दंड भरला कीं मनुष्य मोकळा होतो, आणि काम तसेंच राहतें. त्यापेक्षां पुढील बैठकींत तोच प्रश्न पुन्हां विचारणें अधिक परिणामकारक. तसेंच अनुदानावर दृष्टि ठेवून मंडळ काढूं नये. अनुदानासाठीं जमलेले अनुदान संपतांच पांगतात.

आपल्या सभासदांनीं येत्या मृगापूर्वीं गांवोगांव निदान एक अशी वही उघडावी, आणि दिवाळीनंतर तींतील पुरे झालेले व राहिलेले संकल्प, नांवें न देतां, या मासिकाकडे धाडावे, अशी नम्र विनंति आहे. राहिलेल्यांची यादी अधिक उपयोगी पडेल. कारण कोणता सल्ला अमलांत येत नाहीं व कां, हें सल्ला देणारांसहि कळलें पाहिजे.