शिवडीच्या रस्त्याला विचारा, मग स्प्रिंग घ्या

चौथा गिअर

‘स्प्रिंग तेवढ्या बदलल्या, शॉकअब्सॉर्बर चांगले होते म्हणून राहू दिले.’ हे वाक्य या आठवड्यात पुन्हा ऐकावं लागलं आणि डोकं फिरलं. या स्तंभाच्या जुन्या वाचकांना माझं या वाक्याशी असलेलं वैर ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात याच विषयावर लिहिलं तेव्हा ‘तुम्ही घाबरवता’ अशी पत्रं आली होती. या खेपेला पुरावाच समोर आला, तोही एकाच दुपारी, एकाच गॅरेजमध्ये, शेजारी शेजारी उभा.

निमित्त परळच्या एका तरुण वाचकाच्या पत्राचं. त्याच्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. रोज शिवडीहून अटल सेतूवर चढतो आणि उलव्याला कामावर जातो. त्याला गाडी 50 मिलिमीटर खाली बसवायची आहे. कोणत्या स्प्रिंग घेऊ, एवढंच त्यानं विचारलं आहे. त्याच्या आवडीबद्दल माझी काही तक्रार नाही. चाकण कारखान्यातून निघालेल्या गाड्यांत 2013 ची ही 105 पीएसची छोटी टर्बो मनापासून चालवावी अशी होती. 2022 मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं. त्यामुळे आज जी मुलं ही गाडी जपतात, तिच्यावर खर्च करतात, त्यांच्याविषयी मला आपुलकीच आहे. म्हणूनच त्याला दोन ओळींत उत्तर न देता आजचा पूर्ण स्तंभ दिला.

शिवडीत बंदराच्या रस्त्यालगत ज्या गॅरेजात माझं जाणंयेणं आहे, तिथे या आठवड्यात दोन पोलो आल्या होत्या. एक पांढरी, एक लाल. मॉडेल एकच, चाललेले किलोमीटरही जवळपास सारखे. दोन्ही खाली बसवलेल्या. पांढरी पाच सेंटिमीटर खाली. नव्या स्प्रिंग, पण शॉकअब्सॉर्बर कारखान्यातून आलेलेच. लाल तीन सेंटिमीटर खाली. तिला स्प्रिंगबरोबर त्या उंचीसाठी बनवलेले आखूड शॉकअब्सॉर्बर, नवे माउंटिंग आणि नवे बंप स्टॉप. रस्त्यावर उभ्या असताना पांढरीच नजरेत भरते. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोट जेमतेम जाईल. लाल गाडी खाली बसवली आहे हे मात्र जाणकारालाच कळेल.

मिस्त्रींनी पांढरी लिफ्टवर चढवली. पुढचं डावं चाक काढल्यावर पहिल्यांदा दिसला तो स्ट्रटच्या नळीवरून ओघळलेल्या तेलाचा काळा पट्टा, त्यावर चिकटलेली धूळ. रबरी बूट सरकवला तर आतल्या पिवळ्या फोमच्या बंप स्टॉपचा भुगा हातात आला. लोअर आर्मचं चाकाकडचं टोक बॉडीकडच्या टोकापेक्षा स्पष्ट वर गेलेलं. टायर बाहेरून नवा दिसत होता, पण आतली कड तारा दिसेपर्यंत झिजलेली. खालून पाहिलं तर इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण घासून फाटलं होतं. चेंबर थोडक्यात वाचला. मालकाची तक्रार मात्र एवढीच होती, की सेतूवर सांध्यावरून जाताना गाडी उड्या मारते, ‘स्प्रिंग जरा कडक झाल्या असतील’.

स्प्रिंगचा इथे काही दोष नव्हता. हिशेब साधा आहे. समजा, मूळ गाडीला उभ्या स्थितीतून वर दबायला आठ सेंटिमीटर जागा आहे. पाच सेंटिमीटर खाली बसवली की तीन उरतात. स्प्रिंग जो धक्का पोटात घेते तो तिच्या कडकपणावर आणि दबण्याच्या अंतराच्या वर्गावर ठरतो. आठ सेंटिमीटरमध्ये मावणारा धक्का तीन सेंटिमीटरमध्ये मावायचा तर स्प्रिंग सातपट कडक हवी. रस्त्यावर चालवायच्या लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा थोड्याच कडक असतात. सातपट कडक स्प्रिंग लावली तर गाडीत बसवणार नाही. मग उरलेला धक्का जातो कुठे? बंप स्टॉपवर, तिथून स्ट्रटच्या माउंटिंगवर आणि तिथून बॉडीच्या पत्र्यात. पांढऱ्या गाडीच्या उड्या या अशा होत्या. स्प्रिंगचं काम संपून गाडी फोमच्या तुकड्यावर चालली होती, आणि तो तुकडाही भुगा झाला होता.

लाल गाडीच्या हिशेबात आठातले पाच उरतात. तोच धक्का घ्यायला अडीचपट कडक स्प्रिंग लागेल. तेवढी तीही कडक नाही, म्हणजे मोठ्या खड्ड्यात तीही बंप स्टॉपला टेकणार. पण तिचा बंप स्टॉप आखूड आहे आणि हळूहळू आवळत जाणारा आहे. शॉकअब्सॉर्बरचा दांडा नळीच्या मधल्या भागात काम करतो, तळाशी आपटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, दबलेली कडक स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरण्याइतका जोर त्या शॉकअब्सॉर्बरमध्ये आहे. पांढरीच्या साठ हजार किलोमीटर चाललेल्या शॉकअब्सॉर्बरला मूळ स्प्रिंगच जेमतेम आवरत होती, नवी कडक स्प्रिंग तो काय आवरणार?

आता वळणाचं पाहू. गाडी खाली बसली की वळणावर कमी कलंडते, असं सगळे धरून चालतात. पोलो, सिटी, स्विफ्ट, आय-ट्वेंटी या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. या रचनेत बॉडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू लोअर आर्मच्या कोनावर अवलंबून असतो. गाडी खाली बसली की तिचं वजनाचं केंद्र तेवढंच खाली येतं, पण हा बिंदू त्याहून जास्त खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि बॉडीला कलंडवणारी तरफ लांब होते. पांढरीचा उलटा चढलेला आर्म हेच सांगत होता. जितकी जास्त खाली, तितकी कलंडण्याची ओढ जास्त. ती फक्त स्प्रिंगच्या कडकपणाने दाबलेली. लाल गाडीचा आर्म जवळपास आडवाच होता. तीन सेंटिमीटरमध्ये फायदा जमेला राहतो, पाचमध्ये तो खर्ची पडतो.

झिजलेल्या टायरचं कारणही तेच. उंची बदलली की चाकाचा तिरपेपणा आणि टो (चाकं पुढच्या बाजूला किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन), दोन्ही बदलतात. त्यातला टो टायर खातो. पांढरीच्या मालकाने स्प्रिंग लावल्यावर अलाइनमेंट केलंच नव्हतं. लालवाल्याने स्प्रिंग बसल्यावर एकदा आणि त्या स्थिरावल्यावर पुन्हा एकदा केलं होतं. त्याची पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात होती. ती पाहून मला खरंच आनंद झाला.

माझा जुना विषय इथे आणल्याशिवाय राहवत नाही, तो म्हणजे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचा आराखडा साफ आहे: 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच, 17 मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा, ताशी 25 किलोमीटरने ओलांडता येईल असा. पोलोच्या दोन चाकांतलं अंतर 2.47 मीटर. पुढचं चाक माथ्याच्या एका बाजूला आणि मागचं दुसऱ्या बाजूला असताना दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच असतात, म्हणून पोटाखाली फक्त साडेचार सेंटिमीटर जागा लागते. पोलोचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पाच सेंटिमीटर खाली बसवलेली पांढरीसुद्धा नियमाने बांधलेल्या गतिरोधकावरून आरामात जाईल.

पण शिवडी नाक्यापासून बंदराकडे जाताना तुम्हाला असे गतिरोधक किती भेटतात? हातभर रुंद आणि अर्धी वीत उंच डांबराचा बांध भेटतो. तो दोन चाकांच्या मध्ये मावतो, त्यामुळे त्याची सगळी उंची पोटाखाली येते. असा बारा सेंटिमीटरचा बांध साडेअकरा सेंटिमीटर उरलेल्या पांढरीचं पोट घासणारच. लाल गाडीकडे साडेतेरा आहेत. ती हळू, तिरकी घेऊन निघते. माझं ठाम मत आहे की या शहरात चेंबर फुटण्याचं पहिलं कारण बांध घालणारा आहे आणि दुसरं कारण गाडी पाच सेंटिमीटर खाली बसवणारा. पहिल्याला जाब विचारत राहू, पण दुसरं कारण आपल्या हातात आहे.

शिवाय हे रस्ते कुणाचे आहेत ते पाहा. बंदराच्या पट्ट्यात कंटेनरचे ट्रेलर आणि तेलाचे टँकर चालतात. त्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, मधूनच उखडलेले पेव्हर ब्लॉक, रुळांचे जुने तुकडे, हे सगळं ओलांडून मग 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला तो 21.8 किलोमीटरचा गुळगुळीत सेतू. सेतूवर मोटारींना मर्यादा ताशी 100, चढउताराच्या रॅम्पवर 40. या वेगाला मूळ उंचीची धड पोलोही डगमगत नाही. गाडीची खरी परीक्षा रॅम्प लागण्याआधीच होऊन जाते. म्हणून उंचीचा आकडा सेतू पाहून नाही, सेतूपर्यंतचा रस्ता पाहून ठरवा.

आता सुट्या भागांची निवड. कापलेल्या स्प्रिंगचा विचारही नको. वेटोळं कापलं की टोकाची बैठक बिघडते आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सुटते. आयबाख, एच अँड आर यांच्यासारख्या स्प्रिंग घ्यायच्या तर डब्यावरचा आकडा जसाच्या तसा धरू नका. भारतातली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती. तिकडच्या उंचीवरून मोजलेले 30 मिलिमीटर इथे जास्त भरतात. स्प्रिंग लावण्याआधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. तो आकडा खरा. पेट्रोल आणि डिझेल गाड्यांचं पुढचं वजन वेगळं असतं, तेव्हा डब्यावर पुढच्या अ‍ॅक्सलचा भार वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. शॉकअब्सॉर्बर घेताना उंची जुळवा: बिलस्टाइनचा बी-सिक्स मूळ उंचीसाठी आहे, बी-एट आखूड आहे आणि खाली बसवलेल्या गाडीसाठी आहे. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणाला तर ते दुकान सोडा. उंची फिरवता येणारे कॉइलओव्हर घेणाऱ्यांनी आमचा पावसाळा लक्षात ठेवावा. बंदराच्या खाऱ्या हवेत आणि चिखलात साधे लोखंडी आटे एका मोसमात गंजून जाम होतात. मग ज्या फिरण्यासाठी पैसे मोजले तेच फिरत नाही.

कायद्याचंही स्पष्ट बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 ला ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ नव्याने मांडलं: नियमबाह्य बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. जर्मनीत लोअरिंग स्प्रिंगबरोबर तपासणीचा दाखला येतो. ती बसवली की तपासनीस गाडी पाहतो आणि बदल गाडीच्या कागदांत नोंदवला जातो. जबाबदारीने बदल करणाऱ्याला तिथे सरळ रस्ता आहे. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी वाहनं तपासणारी संस्था असताना हा रस्ता का नसावा? नीट जुळवलेली लाल गाडी आणि धोकादायक पांढरी गाडी यांत आजचा कायदा फरक करत नाही, हा मला त्यातला सगळ्यात मोठा दोष वाटतो. तो बदलेपर्यंत लालवाल्यालाही मी ‘निर्धास्त राहा’ म्हणू शकत नाही. विमा कंपनीकडे दावा करताना हाच प्रश्न पुढे येऊ शकतो.

तेव्हा परळच्या माझ्या वाचकमित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. पन्नास मिलिमीटरचा बेत सोड. स्प्रिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे घे आणि मूळ उंचीचे चारही शॉकअब्सॉर्बर, पुढची माउंटिंग, लोअर आर्मचे बुश आणि चांगले टायर बदल. चारचाकी अलाइनमेंट कर आणि महिनाभर शिवडीच्या रस्त्याने सेतूवर जा. कायद्याला धक्का न लावता तुझी पोलो नव्यासारखी वळेल. त्यानंतरही खाली बसवायची इच्छा उरली आणि कायद्याने वाट दिली, तर तीन सेंटिमीटर, जुळवलेला संच, त्याहून एक मिलिमीटरही जास्त नाही. आणि शॉकअब्सॉर्बर न बदलता नुसत्या स्प्रिंग कधीच नकोत.