पट्टी खोटं बोलत नाही, आपण तिला चुकीच्या दिवशी विचारतो

"डॉक्टर, मेडिकलमधल्या किटवर भरवसा ठेवायचा का?" हा प्रश्न मला बाया विचारतात, त्यांचे नवरे विचारतात, कधी सासूबाईही विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. किटवर ठेवा. पण किट ज्या पद्धतीने विकलं जातं, ज्या दिवशी वापरलं जातं आणि निकाल पाहून पुढे जे केलं जातं, त्यावर अजिबात ठेवू नका.

पट्टीला नेमकं काय कळतं?

गर्भ गर्भाशयात रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक तयार होऊ लागतं. बहुतेक पट्ट्या एका मिलिलिटर लघवीत त्याची 25 मिलियुनिट इतकी मात्रा असली की दुसरी रेघ दाखवतात. पट्टीला एवढंच कळतं: आज, या लघवीत, एचसीजी पुरेसं आहे की नाही.

आता हिशोब करा. स्त्रीबीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या 14 दिवस आधी बाहेर पडतं. फलित झाल्यावर गर्भ रुजायला आणखी 6 ते 12 दिवस लागतात. त्यानंतर एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. म्हणजे पाळीची तारीख उजाडायच्या आधीच पट्टी बुडवली, तर गर्भ असूनही ती एकच रेघ दाखवू शकते. पाकिटावर छापलेले "99 टक्के अचूक" हे शब्द सहसा पाळी चुकल्याच्या दिवसापासून पुढच्या, सूचनांप्रमाणे केलेल्या चाचणीसाठी असतात. ही अट बारीक अक्षरात असते आणि 99 मोठ्या अक्षरात. लबाडी असलीच तर ती तिथे आहे.

म्हणून एक रेघ म्हणजे "नाही" असं समजू नका. पाळी चुकून आठवडा व्हायच्या आत आलेली एक रेघ म्हणजे फक्त "आज सांगता येत नाही".

पाळी आणणारी गोळी ही चाचणी नव्हे

माझा खरा राग इथे आहे. एक रेघ आली की बाई, किंवा बहुतेक वेळा तिचा नवरा, मेडिकलवर जातो आणि पाळी यायच्या गोळ्या मागतो. काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी न विचारता हार्मोनच्या गोळ्या कागदात गुंडाळून देतो. "पाळी आली तर दिवस गेलेले नाहीत, नाही आली तर आहेत," असं शास्त्रही वर सांगतो.

हे शास्त्र जुनं आहे आणि मोडीत निघालेलं आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, ज्यांना ईपी फोर्ट म्हणत, आपल्या देशात गर्भ आहे का हे पाहण्यासाठी सर्रास दिल्या जात. गर्भाला अपाय होण्याच्या भीतीने महिला संघटना आणि औषधांच्या प्रश्नावर काम करणारे डॉक्टर त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढले, तेव्हा कुठे 1988 मध्ये त्या मिश्रणावर बंदी आली. औषध गेलं, खोड राहिली. आज गोळी वेगळी आहे, तर्क तोच आहे.

आणि तर्क चुकीचाच आहे. गर्भ असतानाही सुरुवातीला थोडं रक्त जाऊ शकतं. गर्भपात होत असेल तर जातं. गर्भ नळीत अडकला असेल तरी जातं. ते रक्त पाहून "पाळी आली" म्हणत निश्चिंत होणारी बाई संकट पोटात घेऊन शेतात निंदायला जाते.

नाडी पाहून गोड बातमी सांगणारा सिनेमातला डॉक्टर आणि लघवीत मीठ, साखर, टूथपेस्ट घालायला सांगणारे मोबाइलवरचे व्हिडिओ यांबद्दल एकच वाक्य पुरे: त्यांतून काहीही कळत नाही.

दोन रेघा म्हणजे सगळं ठीक नव्हे

दुसरी रेघ फिकट असली तरी दिलेल्या वेळेत आली तर ती होकारच समजायची. असा खोटा होकार क्वचितच मिळतो. नुकतीच बाळंतीण झालेली किंवा गर्भपात झालेली बाई, वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलेली बाई, यांच्यात तो दिसू शकतो.

पण गर्भ कुठे आहे हे पट्टी सांगत नाही. शंभरात एक-दोन गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा नळीत रुजतात. तिथेही दोन रेघाच येतात. मूल नको असेल तर हेच जोडपं त्याच काउंटरवरून गर्भपाताच्या गोळ्या आणतं. नळीतला गर्भ त्या गोळ्यांनी पडत नाही. नळी फुटते. संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या सातपुड्याकडच्या गावातून रात्री खामगाव-अकोल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पोटात रक्तस्राव होत असताना तो वेळ नसतो.

या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, 9 आठवड्यांच्या आत त्या सुरक्षित आहेत. गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे. सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मग चोरून गोळ्या आणायच्या कशाला? लाजेपोटी. आणि त्या लाजेवर दुकानं चालतात.

मग करायचं काय?

पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. त्याआधी भरपूर पाणी पिऊ नका. पाकिटावरची मुदत पाहा. किट सहसा 30 अंशांच्या आत ठेवायचं असतं, आणि मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात काय तापमान असतं ते तुम्ही जाणताच. निकाल पाच मिनिटांत, किंवा पाकिटावर लिहिलेल्या वेळेत वाचा. अर्ध्या तासाने उमटलेली रेघ मोजू नका.

एकच रेघ आली आणि पाळी आली नाही, तर तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा करा. पाळी अनियमित असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर शेवटच्या संबंधानंतर 21 दिवसांनी करा. आशाताईंकडे "निश्चय" किट मोफत मिळतं. मागायला लाजू नका.

तोपर्यंत स्वतःला गरोदर समजूनच वागा. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच पूर्ण होतो. ब्लडप्रेशर, फिट, मुरूम यांवरच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. त्या परस्पर बंद करू नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा. एक्स-रे काढतानाही सांगा. फॉलिक ॲसिड सुरू करा.

पोटात एका बाजूला दुखणं, डाग लागणं, चक्कर येणं, खांदा दुखणं, यांपैकी काही असेल तर रेघा मोजत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि मेडिकलवाल्या भावांनो, पट्टी जरूर विका. पण त्याच हाताने, चिठ्ठीशिवाय, पुढची गोळी विकू नका. पट्टी चुकली तर आठवड्याने दुरुस्त होते. तुमची गोळी चुकली तर त्या बाईला दुसरा आठवडा मिळेलच असं नाही.