बाटलीतले शेवाळ

शेवाळ म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर विहिरीची ओली पायरी येते आणि त्या पायरीवरून कोण कधी घसरले याच्या कथाही आठवतात. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. येलदरीच्या जलाशयाच्या कडेला किंवा उन्हाळ्यात गोदावरीच्या डोहात साचणारा हिरवा तवंग, एवढाच आपला शेवाळाशी परिचय. अशा या भागात आता शाम्पूच्या बाटलीवर, चेहऱ्याच्या क्रीमवर आणि केसांच्या तेलावर ‘सागरी शैवालाचा अर्क’ ही अक्षरे झळकू लागली आहेत. ती बाटली पिशवीत घालून रुग्ण दवाखान्यात येतात आणि विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, याने केस येतील का?’ प्रश्न एका वाक्याचा आहे. उत्तराला मात्र थोडी सवड लागते.

शैवाल हे एकच एक झाड नव्हे, ते मोठे गोत आहे. समुद्रातील तपकिरी, तांबडी आणि हिरवी शैवाले त्यात येतात, तशीच गोड्या पाण्यातील क्लोरेलासारखी एकपेशीय शैवालेही. बाजारात याच पंक्तीत बसवलेली स्पिरुलिना ही शास्त्रदृष्ट्या शैवाल नसून नीलहरित जिवाणू आहे. तिचे घर आपल्याला फार लांब नाही. जिंतूरच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या पाण्याला जो हिरवा रंग असतो, त्यात स्पिरुलिनाचा मोठा वाटा आहे. (जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा तो रंग मिठात वाढणाऱ्या वेगळ्या सूक्ष्मजीवांचा निघाला.) तो तवंग थेट चेहऱ्याला लावावा असे कोणाच्या मनात आलेच, तर एवढे ध्यानात घ्यावे की लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो आणि निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास. इतके अल्कधर्मी पाणी त्वचेवरील संरक्षक स्निग्धता धुऊन नेते.

समुद्री शैवाल आपल्या घरात फार पूर्वीच आलेले आहे; आपण त्याला ओळखत नाही इतकेच. स्वयंपाकघरातील चायना ग्रास म्हणजे तांबड्या शैवालापासून काढलेला आगर. प्रयोगशाळेत रुग्णाच्या लघवीतील जंतू ज्या थरावर वाढवतात तो थरही आगराचाच. दंतवैद्य कवळीसाठी तोंडात जो लगदा धरायला लावतात, तो पुष्कळदा तपकिरी शैवालातील अल्जिनेटचा असतो. जळजळीवरच्या काही पातळ औषधांत हेच अल्जिनेट जठरातील आम्लावर तरंगणारा थर तयार करते, आणि ओलसर, वाहत्या जखमांवर त्याच्याच तंतूंची पट्टी बांधतात. या सर्व उपयोगांमागे गुण एकच आहे: पाणी शोषून त्याचा बुळबुळीत, लवचिक गोळा करणे आणि ते पाणी धरून ठेवणे.

क्रीममध्ये आणि शाम्पूमध्ये शैवाल जे काम खात्रीने करते, तेही याच गुणाच्या बळावर. ते मिश्रणाला दाटपणा आणते, त्वचेवर पातळ पापुद्रा धरते आणि ओलावा काही काळ उडू देत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील आपल्याकडच्या कोरड्या झळा ज्यांच्या पायांच्या टाचांनी सोसल्या आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको. बोअरच्या जड पाण्याने राठ झालेल्या केसांवरही असा थर बसला की कंगवा सहज फिरतो आणि केस तुटणे कमी होते. हा लाभ खरा आहे. तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु मेथीचे दाणे रात्रभर भिजत घातले किंवा जवस पाण्यात उकळले की जो चिकट रस सुटतो, त्याची जात हीच आहे. आपल्या आज्या तो केसांना लावत असत. साध्या ग्लिसरीनमध्ये किंवा पेट्रोलियम जेलीतही ओलावा राखण्याचा गुण भरपूर आहे आणि त्यांची किंमत खिशाला जाणवत नाही. शैवालाच्या नावावर दिलेले जास्तीचे पैसे बहुतेक वेळा समुद्राच्या चित्रासाठी असतात, असे माझे मत आहे.

‘त्वचेच्या मुळापर्यंत पोषण’ हा दावा मात्र तपासून घ्यावा. त्वचेचा वरचा थर हा पहारेकरीच असतो. साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा मोठा रेणू तो आत सोडत नाही, आणि अल्जिनेटचे रेणू हजारो-लाखो डाल्टनांचे असतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर शैवालातील काही द्रव्यांचे चांगले परिणाम दिसले आहेत. पण बशीतील पेशींना हा पहारेकरी नसतो.

बाटलीत शैवाल किती आहे, हेही पाहावे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने द्यावी लागते; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. शैवालाचे नाव सुगंधद्रव्य आणि रंग यांच्या शेजारी सापडले, तर समोरच्या मोठ्या अक्षरांचा आणि आतल्या द्रव्याचा संबंध किती पातळ आहे ते कळते.

आता केसांविषयी. डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याला वरून चकाकी देता येते, वाढवता येत नाही. वाढ मुळाशी होते, आणि तिथला पुरवठा रक्तातून येतो. मोठा ताप, डेंगू, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. हे गळणे सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. नेमक्या याच काळात घरात नवी बाटली आलेली असते आणि सगळे श्रेय तिला मिळते. तेवढे झाले तरी फारसे बिघडत नाही. बिघडते ते कारण दुसरे असताना.

पाथरीकडच्या एक गृहिणी वर्षभर असे एक महागडे शैवालयुक्त तेल वापरत होत्या. केस विरळ होतच राहिले. जिना चढताना धाप लागते, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितले. मासिक पाळीत अतिरक्तस्राव होतो, हे तर सासूबाई बाहेर गेल्यावरच सांगितले. त्यांचे हिमोग्लोबिन आठच्या खाली होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या अर्ध्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. तेव्हा केस गळणाऱ्या स्त्रीने बाटली घेण्याआधी हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड तपासून घ्यावे. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. टाळूवर नाण्याएवढे चट्टे पडले असतील, खवले किंवा पू दिसत असेल, तर तेल-शाम्पूची वाट पाहूच नये.

हल्ली तेलासोबत ‘आतून सौंदर्य’ देणाऱ्या गोळ्याही विकल्या जातात. स्पिरुलिनात ब-१२ असते असे सांगून त्या शाकाहारी कुटुंबांच्या गळी उतरवतात. त्यातील बहुतांश ब-१२ हे मानवी शरीराच्या उपयोगी न पडणाऱ्या रूपात असते. हातापायांना मुंग्या येत असताना त्याच्या भरवशावर राहिल्यास नसांची हानी होत राहते. तपकिरी समुद्री शैवालाच्या गोळ्यांचा प्रश्न निराळा आहे. आयोडीनचा शोधच मुळी १८११ साली फ्रान्समध्ये कुर्त्वा यांना समुद्री शैवालाच्या राखेत लागला. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते आणि ते आयोडीनयुक्त मिठातून मिळते. काही शैवालांच्या एका ग्रॅम भुकटीत याच्या कित्येक पट आयोडीन असू शकते. ज्यांना थायरॉइडचा विकार आहे आणि ज्या गर्भवती आहेत, त्यांनी अशी गोळी सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ती बाटली दाखवावी, आणि सुरू असेल तर पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी तिचा उल्लेख न विसरता करावा.