परक्या पाण्यातला सिंह

आमच्या शाळेच्या विज्ञानकक्षात काचेची एक मत्स्यपेटी आहे. तिच्या तळाशी काचेला तोंड लावून बसणारा, अंगावर जणू चिलखत ल्यालेला एक काळसर मासा होता. बाजारात त्याला ‘सकर’ म्हणतात. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून बोटाएवढा असताना तो आणला होता. वाढता वाढता तो वीतभराहून मोठा झाला आणि पेटी त्याला अपुरी पडू लागली. गेल्या श्रावणात आठवीतील एक विद्यार्थी मजकडे आला आणि मोठ्या भाविकपणे म्हणाला, “सर, इसे शिप्राजी में छोड़ आएँ? पुण्य मिलेगा.”

मी त्याला ‘नाही’ म्हटले. परंतु का नाही, हे समजावताना मला दूरदेशीच्या एका विषारी माशाची कथा सांगावी लागली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहे. आणि तिच्या जोडीला माझा स्वतःचा एक अपराधही.

त्या माशाला इंग्रजीत लायनफिश म्हणतात. आपण त्याला सिंहमासा म्हणू. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंस पंख्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर आयाळीसारखे उभे काटे, असे त्याचे देखणे रूप आहे. शोभा पंख्यांत आहे, विष काट्यांत. पाठीवर 13, पोटाखाली 2 आणि शेपटीकडच्या खालच्या परात 3, असे त्याचे 18 काटे विषारी असतात. काटा रुतला तर माणूस सहसा दगावत नाही, पण तासन्‌तास तळमळतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवणे आणि मग वैद्यकीय मदत घेणे, हा त्यावरचा उपाय. कारण हे विष उष्णतेने निष्प्रभ होते.

हा मासा आपल्याला परका नव्हे. हिंद महासागर, तांबडा समुद्र आणि पॅसिफिकचा पश्चिम भाग हे त्याच्या दोन जवळच्या जातींचे माहेर. आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांतही तो आढळतो. तेथे हजारो वर्षांच्या सहवासात भक्ष्य आणि भक्षक यांनी एकमेकांना आवर घालण्याची एक रीत बसविली आहे. त्या रीतीत हा सिंहही इतरांसारखा एक शेजारीच आहे.

1985 साली तो अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात दिसला. माहेराहून तेथवर पोहत जाण्याचा मार्ग त्याला नव्हता. शोभेच्या मत्स्यपेटीतून कोणीतरी तो समुद्रात सोडला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. सोडणाऱ्याच्या मनात कदाचित दयाच असेल! पुढे तो बहामा बेटे, कॅरिबियन समुद्र, मेक्सिकोचे आखात असे करीत ब्राझीलपर्यंत पोहोचला. एक मादी वर्षाकाठी सुमारे 20 लाख अंडी घालते. तेथील लहान माशांना हा पंखेवाला शत्रू आहे हेच ओळखता येईना. बहामातील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. ज्या लहान खडकांवर सिंहमासा होता, तेथे नव्याने वसणाऱ्या स्थानिक माशांची भर 5 आठवड्यांत सरासरी 79 टक्क्यांनी घटली होती.

भूमध्य समुद्रात मात्र तो दुसऱ्या वाटेने शिरला. 1869 साली सुएझ कालवा खुला झाला आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला. कालव्याच्या वाटेवरील अतिखारट सरोवरे प्रारंभी जलचरांना अडवून धरीत. कालांतराने त्यांचा खारटपणा उतरला आणि तो अडसर ढिला झाला. 1991 साली इस्रायलच्या किनाऱ्याजवळ एक सिंहमासा सापडला. त्यानंतर बरीच वर्षे त्याची वार्ता नव्हती. 2012 साली लेबनॉनजवळ तो पुन्हा दिसला आणि मग पाहता पाहता सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस येथे त्याने बस्तान बसविले. समुद्राचे पाणी पूर्वीपेक्षा उबदार झाल्याने त्याला ते मानवलेही. आता तिकडे त्याच्या शिकारीच्या स्पर्धा भरतात. मांसात विष नसल्याने काटे काढून तो खावा, असा प्रचारही चालतो. पण 300 मीटर खोलीपर्यंत राहणाऱ्या माशाला पाणबुडे कोठवर गाठणार?

आपल्याकडे मोठ्या माशाने लहान माशास गिळणे याला ‘मत्स्यन्याय’ म्हणतात. राजदंड नसेल तर मत्स्यन्याय माजतो, असे कौटिल्याने म्हटले आहे. या कथेत तो माजला, पण त्याचा दोष माशाकडे जात नाही. त्याला त्याच्या घरातून उचलणारा आणि त्याच्यावरचा अंकुश मागेच सोडून देणारा हात माणसाचा होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परक्या माणसाला दूर ठेवा, असा या कथेचा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या काळात आपले पूर्वज माळव्यात आले, तेव्हा तेही परक्या पाण्यातलेच होते; आणि त्यांची चौथाई येथील रयतेला गोड लागली असेल, असे मला वाटत नाही. पुढे आपण येथलेच झालो, कारण माणसाला शेजाऱ्याचे ऐकता येते, त्याची भाषा शिकता येते आणि स्वतःला आवर घालता येतो. माशाला ही सोय नाही. म्हणून त्याच्या वाट्याचा विवेक आपणच बाळगावा लागतो.

क्षिप्रेत सिंहमासा येणार नाही. तो खाऱ्या पाण्याचा जीव. परंतु त्याच्या कथेतील दोन्ही वाटा आपल्याकडे उघड्या आहेत. आमचा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याला विष नाही, पण 2020 साली त्याचा एक भाऊबंद वाराणसीला गंगेत सापडला. तोही कोणाच्या तरी पेटीतूनच गेला असणार. ‘थाई मांगूर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खादाड आफ्रिकी माशाच्या पालनावर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, तरी त्याचा चोरटा व्यापार थांबलेला नाही. दुसरी वाट जोडलेल्या पाण्याची. 2014 पासून ओंकारेश्वरकडील नर्मदेचे पाणी उपसून क्षिप्रेच्या उगमाजवळ सोडले जाते आणि 2016 च्या सिंहस्थात लाखो भाविकांनी त्याच पाण्यात स्नान केले. हा सुएझसारखा मोकळा कालवा नाही, पंप आणि नळांचे काम आहे, हे खरे. तरीही नर्मदेत कोण काय सोडतो, याच्याशी आता उज्जैनचाही संबंध जडला आहे. आणि रामघाटावर जे सोडले जाते त्याची वाट चंबळ-यमुनेवरून गंगेकडे जाते.

आता माझा अपराध. वीस-एक वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या हट्टासाठी घरी अशीच पेटी आणली होती. देखभाल जमेना, तेव्हा एका सोमवारी तिला घेऊन मी रामघाटावर गेलो. माशांना कणकेच्या गोळ्या घातल्या आणि पेटीतील सगळे मासे, त्यांत दोन सकर होते, नदीत सोडले. मुलीने टाळ्या वाजविल्या. एक जीव मुक्त केल्याचे समाधान घेऊन आम्ही घरी आलो. त्या फ्लोरिडातल्या अज्ञात माणसाहून मी कोणत्या अंगाने वेगळा होतो? शिकलेला होतो, अध्यापक होतो. एवढाच काय तो फरक, आणि तो माझ्या विरुद्धच जातो.

वाचकहो, घरातील पेटी जड झाली तर मासे दुकानदारास परत द्या, एखाद्या हौशी माणसास द्या. नदी-तलावात सोडू नका. मुळात आणण्यापूर्वीच तो किती वाढतो आणि किती जगतो, हे विचारून घ्या.

आमचा सकर आता शाळेच्या आवारातील सिमेंटच्या हौदात आहे. वर जाळी बसविली आहे. माझे सगळे ऐकून झाल्यावर त्या मुलाने विचारले होते, “तो फिर पुण्य कैसे मिलेगा, सर?” मी म्हणालो, “इसे रोज़ खिलाकर.” तो खरोखरच रोज येतो. मात्र हे मासे दहा-दहा वर्षे सहज जगतात. तो मुलगा लवकरच शाळा सोडून जाईल, काही वर्षांत मीही निवृत्त होईन. हौदाची किल्ली पुढे कोणाकडे द्यायची, याचा विचार मी आतापासूनच करीत आहे.