पेटीचें माहेर

वारणानगराहून आमच्या एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्याकडील कांहीं हौशी मंडळींनीं यंदा चार संध्याकाळची एक संगीतमाला योजिली असून तींत वाजविणारे व गाणारे कलावंत ख्रिस्ती आहेत. एके दिवशीं व्हायोलिन, एके दिवशीं ख्रिस्ती कीर्तन, असा कार्यक्रम आहे. “मुलांना जावयाचें आहे, सासूबाईंना तें रुचत नाहीं, आणि मामंजींनीं निर्णय माझ्यावर सोंपविला आहे. आपण काय सांगाल?” असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न एका घरचा दिसतो, पण थोड्याबहुत फरकानें तो पुष्कळ घरांत निघतो; म्हणून त्याचें उत्तर येथेंच देत आहों.

प्रथम आम्ही या भगिनींस त्यांच्याच गांवाची आठवण देतों. वारणानगर हें कांहीं जुनें संस्थानी गांव नव्हे. तात्यासाहेब कोरे यांनीं उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याच्या भोंवती तें वसलें. पण त्या गांवाचें नांव साखरेइतकेंच तेथील मुलांच्या वाद्यवृंदानें दूरवर नेलें. उसाच्या मळ्यांतील नि कारखान्याच्या परिसरांतील मुलें एका ओळीनें बसतात, प्रत्येकाकडे आपापला भाग असतो, आणि सर्वांचें मिळून एक संगीत होतें, हें पाहून परगांवचे पाहुणे थक्क होत आले आहेत. आतां विचार करा, ही एकत्र वाजविण्याची आजची रीत आपल्याकडे कोठून आली? आपली बैठक एका गवयाची. साथीदार त्याच्या मागें. वेगवेगळे भाग कागदावर मांडून अनेकांनीं एकाच वेळीं वाजविण्याची शिस्त आपण प्रामुख्यानें लष्करी बँडपासून व चर्चच्या संगीतापासून घेतली. ज्या गांवाचीं मुलें वाद्यवृंदांत बसतात, त्या गांवानें ख्रिस्ती वादकास परका म्हणावें, हें चमत्कारिक नव्हे काय?

वाद्यवृंदाची गोष्ट राहो. आपल्या घरांतील पेटीच घ्या. देवघरांतील आरतीला, मुलींच्या गाण्याच्या शिकवणीला, गणेशोत्सवांतील मेळ्याला पेटी नसली तर आपलें पान हालत नाहीं. पण पेटीचें माहेर येथलें नाहीं. पॅरिस शहरीं आलेक्सांद्र दबेन नांवाच्या कारागिरानें १८४० च्या सुमारास हार्मोनियम सिद्ध केली. मोठा ऑर्गन ज्यांना परवडत नसे अशा लहान चर्चांना ती सोयीची वाटली आणि मिशनरी मंडळींबरोबर ती आपल्याकडे आली. पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं मांडी घालून बसल्या बसल्या एका हातानें भाता चालवितां येईल असें तिचें रूप केलें, आणि ती आपली झाली. कोल्हापूरकरांस तर हें सांगावयास नकोच. ‘मानापमान’ नाटकाला १९११ सालीं ज्यांनीं चाली दिल्या ते गोविंदराव टेंबे हे त्यांचेच. त्यांच्या बोटांखालीं ती परदेशी पेटी अस्सल मराठी बोलूं लागली. १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीवर बंदी घातली. तिच्यांतून मींड निघत नाहीं, तिचे स्वर आपल्या श्रुतींशीं जुळत नाहींत, हे आक्षेप अगदींच खोटे नव्हते. ती बंदी १९७१ सालापर्यंत टिकली. पण घरोघरच्या बायकामुलांनीं ती मानली नाहीं! पेटी परकी आहे हें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं.

सून माहेरची म्हणून कोणी तिला जन्मभर परकी मानीत नाहीं. परंतु सून घरांत आणावयाची नि व्याह्यांना उंबऱ्याबाहेर उभें करावयाचें, असें मात्र आपण या बाबतींत केलें आहे.

गोव्याकडील वादकांची गोष्ट पाहा. तेथें चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणापासून स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. या शिक्षणावर वाढलेले शेंकडों वादक पोटासाठीं मुंबईस आले. सिनेमाचे संगीतकार चाल गुणगुणून दाखवीत. ती कागदावर उतरून घेणें, कोणीं काय वाजवावें हें ठरविणें, मधल्या जागा भरणें हें काम पुष्कळदां गोमंतकीय ख्रिस्ती मंडळी करीत. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. त्यांचा जन्म १९२७ चा. ऐन पोरवयांत, १९४३ सालीं, ते नौशाद यांच्या वाद्यवृंदांत शिरले. प्यारेलाल त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकले. आपले राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालावा हा त्यांचा ध्यास होता. १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या आवारांत त्यांनीं मोठा वाद्यवृंद उभा केला, आणि त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे गायले. पण चित्रपटांच्या नामावळींत गोन्साल्विस यांचें नांव सहसा दिसत नसे. १९७७ सालीं एका सुप्रसिद्ध चित्रपटांत प्यारेलाल यांनीं गुरूचें नांव गाण्यांत गोंविलें, तेव्हां तें सर्व देशाच्या तोंडीं झालें. तरी हें खरोखरीच्या माणसाचें नांव आहे, याची वार्ता थोड्यांनाच होती. २०१२ सालीं ते निवर्तले.

आतां कीर्तनाची संध्याकाळ. सासूबाईंची अडचण खरी येथेंच असावी, आणि ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. व्हायोलिनला धर्म नसतो, पण कीर्तनाला असतो. शिवाय आपल्या समाजाच्या आठवणींत एक जखम आहे. १८९५ सालीं नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हां एक ब्राह्मण घर दुभंगलें. पति-पत्नींची वर्षानुवर्षें ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनीं ती कहाणी ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत सांगितली आहे. तो ग्रंथ न वाचलेलें सुशिक्षित मराठी घर विरळा; आणि वाचतांना डोळे न पुसलेली सासू किंवा सूनही विरळाच. म्हणून वडील माणसांची भीति निराधार आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु त्याच टिळकांनीं पुढें काय केलें तेंही पाहिलें पाहिजे. मराठी ख्रिस्ती मंडळी इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतें म्हणत असत. टिळकांनीं त्यांच्या हातीं अभंग दिला, ओवी दिली, पद दिलें, टाळ नि भजन दिलें. धर्म पालटला, पण तुकोबांची वाणी त्यांनीं सोडली नाहीं. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें, तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. त्यांच्याही पूर्वीं, १६१६ सालीं, गोव्यांत फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें ‘क्रिस्तपुराण’ छापिलें. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ. अक्षरें रोमन, पण भाषा मराठी, आणि घडण आपल्या पुराणांची. गोव्यांतील भाविक तो गाऊन म्हणत. तेव्हां कीर्तनास गेलेल्या सासूबाईंच्या कानीं विषय वेगळा पडेल; परंतु छंद ओळखीचा असेल, चाल ओळखीची असेल, आणि उभें राहून निरूपण करण्याची रीत तर आपल्या नारदाच्या गादीचीच असेल.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण दुसऱ्यांस उपदेश करतांना आपली झडती आधीं द्यावी. आमच्या लहानपणीं आत्याबाईंना पेटी शिकवावयास एक ख्रिस्ती मास्तर येत. माणूस मोठा गोड, हात त्याहून गोड. शिकवणी ओसरीवर चाले. चहा झाला कीं मास्तर आपली कपबशी स्वतः विसळीत आणि ओसरीच्या कोनाड्यांत पालथी घालीत. त्या कपबशीला घरांतील दुसरें कोणी हात लावीत नसे. मास्तरांना तें ठाऊक होतें. त्यांनीं कधीं चेहऱ्यावर दाखविलें नाहीं. पुढें त्यांची बदली झाली. आत्याबाई उतारवयांतही पेटी काढून बसत. एके दिवशीं मध्येंच भाता थांबवून त्या आम्हांस म्हणाल्या, “मास्तरांनीं मला सगळें दिलें रे, पण आपण त्यांना कधीं आंत बोलावलें नाहीं.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आजही सुचत नाहीं.

म्हणून आमच्या भगिनींस आमचें सांगणें असें कीं, मुलांना अवश्य पाठवावें आणि आपणही त्यांच्याबरोबर जावें. एका संध्याकाळच्या गाण्यानें उपटून येईल इतकें मुलांचें वळण उथळ असेल, तर दोष गाणाऱ्याचा नव्हे. तें वळण लावण्यांत आपण कमी पडलों. शाहू महाराजांच्या आश्रयास असलेल्या अल्लादियाखांसाहेबांपाशीं भास्करबुवा बखल्यांनीं विद्या घेतली, तिनें त्यांच्या जानव्याला धक्का लागला नाहीं. सासूबाईंवर मात्र सक्ती करूं नये. त्यांना व्हायोलिनच्या दिवशीं न्यावें. कीर्तनाचें त्यांचें त्या ठरवितील. न आल्या तरी घरीं परतल्यावर मुलांनीं त्यांना एखादी चाल म्हणून दाखवावी.

संगीतमालेच्या चालकांसही एक विनंती आहे. यंदा ‘ख्रिस्ती कलावंत’ म्हणून वेगळी माला केली, तें योग्यच झालें; ज्यांचीं नांवें इतकीं वर्षें गाळलीं, त्यांचीं नांवें एकदां ठळक छापलींच पाहिजेत. पण पुढच्या वर्षीं हाच वादक सतारीच्या नि बांसरीच्या पंक्तीला बसवावा, आणि त्याच्यापुढें कोणतेंही विशेषण लावूं नये.

आणि ताई, कार्यक्रम संपल्यावर त्या मंडळींना घरीं चहाला बोलवा. ओसरीवर नव्हे, आंत, माजघरांत. कपबश्या नेहमींच्याच काढा.